इंजिन गप्प झाल्यावर उरलेला वेळ

इंदूरहून गेलेल्या एकोणीस गाड्या रतलामजवळ एकाच रात्री ओळीनं बंद पडल्या. जून २०२५ मधली ही बातमी देशभर फिरली आणि बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याला पाणी मिसळलेलं डिझेल! मला ती वाचून हसू आलं नाही. इंधनात पाणी शिरणं हे गाडीपेक्षाही बोटीचं जुनं दुखणं आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानं होडी हाकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, वादळाच्या आधी तो टाकीच्या तळाबद्दल बोलेल. गाडी बंद पडली तर ढकलून कडेला लावता येते. होडी बंद पडली तरी वारा, लाटा आणि ओहोटी आपापलं काम करतच राहतात.

म्हणून खालच्या घटनाक्रमात मी एकच गोष्ट मोजत गेलो आहे: इंजिन थांबल्यापासून माणसांच्या हाताशी किती वेळ उरला. रतलामला अख्खी रात्र होती. अरबी समुद्रातल्या एका यॉटवर तीन तास होते. कोकणात खाडीच्या तोंडाशी शिडाच्या होडीला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. बाल्टिमोरला चार मिनिटं मिळाली.

रतलाम, जून २०२५

आधीचे दिवस. आर्द्रा नक्षत्र नुकतंच लागलेलं, माळव्यात पाऊस सुरू झालेला. पेट्रोल पंपाची टाकी जमिनीखाली असते. पावसाचं पाणी तिच्यात शिरायला मोठं भगदाड लागत नाही. झाकणाचं रबर कडक झालेलं असलं, डिप घेण्याच्या नळीची टोपी सैल राहिली, पाईपच्या सांध्याला चीर गेली, तरी पुरतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे आत आलेलं पाणी सरळ तळाशी जाऊन बसतं. खेचनळीचं तोंड तळापासून काही इंच वर ठेवलेलं असतं. पाणी त्या तोंडाच्या खाली आहे तोवर नोझलमधून चांगलंच डिझेल येतं आणि कुणाला काही कळत नाही. हे कळावं म्हणूनच डिप रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकी तपासायची पद्धत आहे. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. पाच मिनिटांचं काम आहे.

२६ जून, रात्री साधारण १० वाजता. दुसऱ्या दिवशी रतलामला उद्योग, कौशल्य आणि रोजगार या विषयांवर ‘राइज’ परिषद होती. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव तिथं येणार होते. त्यांच्या ताफ्यासाठी इंदूरहून आलेल्या इनोव्हा गाड्या डोसीगावच्या एका पंपावर एकामागून एक लागल्या आणि डिझेल भरून निघाल्या.

पुढची काही मिनिटं. गाड्या जेमतेम किलोमीटरभर गेल्या. एक आचके देत थांबली, मग दुसरी, मग तिसरी. पंपावरच बंद न पडता थोडं पुढे जाऊन बंद पडण्याचं कारण साधं आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत आणि फिल्टरमध्ये आधीचं चांगलं डिझेल शिल्लक असतं. तेवढं संपेपर्यंत इंजिन व्यवस्थित चालतं. या दोन-चार मिनिटांत चालकाला वाटतं की सगळं ठीक आहे.

इंदूरमध्ये देवास नाक्याजवळ एका डिझेल मिस्त्रीकडे मी असं पाणी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानं एका ट्रकच्या फिल्टरच्या बुडाचा स्क्रू दोन वेढे सैल केला आणि खाली काचेचा ग्लास धरला. पहिल्यांदा ढगळ, फेसाळ काहीतरी आलं. ग्लास फळीवर ठेवून आम्ही चहा घेईपर्यंत आत दोन थर झाले होते. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी, आणि मध्ये एक स्पष्ट रेघ. त्या रेघेवर काळपट, बुळबुळीत धाग्यांसारखं काही तरंगत होतं. मिस्त्रीनं ते बोटावर घेऊन दाखवलं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचा तो चिकटा. पाणी काढून टाकता येतं, पण हा चिकटा टाकीच्या भिंतींना धरून राहतो आणि पुढे महिनोन्‌महिने फिल्टर तुंबवतो.

आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतो. तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. तिथे पाणी आलं की धातूवर धातू घासतो. म्हणून अशा वेळी सेल्फ मारत राहणं हा सगळ्यात वाईट उपाय असतो. दर खेपेला पाणी आणखी आत जातं आणि टाकी धुऊन भागलं असतं तिथे पंप आणि इंजेक्टर बदलायची पाळी येते.

रात्री उशिरा. रस्त्याच्या कडेला गाड्यांच्या टाक्या उतरवल्या गेल्या. एका गाडीत वीस लिटर डिझेल भरलं होतं, त्यातलं दहा लिटरच्या आसपास पाणी निघालं. त्याच पंपावर दोनशे लिटर भरून निघालेला एक ट्रकही पुढे जाऊन उभा राहिला होता. महसूल आणि अन्न-पुरवठा खात्याचे अधिकारी आले, पंपाला सील ठोकलं. पावसाचं पाणी टाकीत झिरपल्याचं कारण पुढे आलं. इंदूरहून दुसऱ्या गाड्या मागवल्या गेल्या.

२७ जून. परिषद ठरल्याप्रमाणे झाली. एकोणीस टाक्या उघड्या पडल्या, रात्रभर धावपळ झाली, पण कुणाला खरचटलंही नाही. रस्ता जागचा हलत नाही, एवढ्या एका गोष्टीनं हे सारं निभावलं. त्या ट्रकचालकाला बदली गाडी कुणी पाठवली नसेल, हेही या बातमीवर हसताना ध्यानात ठेवायला हवं होतं.

अरबी समुद्र, २६ जून २०२२

बरोबर तीन वर्षं आधी, त्याच तारखेला, सोळा मीटर लांबीची ‘लेडी हान’ नावाची यॉट मस्कतहून युरोपकडे चालली होती. मालकीण ऑस्ट्रेलियन. वाटेत चाच्यांचं भय, म्हणून बोटीवर बंदुका. ही हकिगत पुढे तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितली.

सकाळी १० वाजता. इंजिन बंद पडलं. भर मान्सूनचा अरबी समुद्र. नैऋत्येचा वारा या दिवसांत दमदार असतो. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात ते काही उगाच नाही. इंजिन चालू असतं तेव्हा बोटीचं नाक लाटेकडे ठेवता येतं. ते गेलं की बोट आपोआप लाटेला आडवी होते आणि प्रत्येक लाट तिला कुशीवर घेते. माणसं उभी राहू शकत नाहीत, हातात पाना धरून इंजिनाकडे वाकणं तर दूरच. बोटीवरच्या लोकांनी मदतीसाठी हाक दिली.

दुपारी १ वाजता. कोरियाच्या युद्धनौकेनं सगळ्यांना उचललं आणि पुढे ओमानच्या हवाली केलं. समुद्र इतका खवळलेला होता की यॉट ओढून नेणं जमलं नाही. ती तिथेच सोडावी लागली. या तीन तासांत माणसं वाचली, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट. हाक वेळेवर गेली आणि ऐकणारं जहाज जवळ होतं. दोन्हींपैकी एक नसतं तर ही हकिगत सांगायला कुणी उरलं नसतं.

त्यानंतरचे ५३ दिवस. सोडलेली बोट बुडाली नाही. नैऋत्य वारा आणि प्रवाह यांनी तिला पूर्वेकडे ढकलत आणलं. १८ ऑगस्टला रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर लोकांना ती दिसली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे गणेशोत्सव, आणि १९९३ च्या स्फोटांसाठीचा माल रायगडच्याच किनाऱ्यावर उतरला होता, ही आठवण लोकांच्या मनात ताजी. नाकाबंदी झाली, दहशतवादविरोधी पथक धावलं. संध्याकाळपर्यंत विधानसभेत खुलासा झाला आणि लोकांनी श्वास सोडला. एका बंद पडलेल्या इंजिनानं दोन महिन्यांनी, शेकडो मैलांवर, अख्खं राज्य सावध करून सोडलं.

कोकण किनारा, दिवाळी ते मे

आता शिडाची होडी. इथला घटनाक्रम कुठल्या एका होडीचा नाही. किनाऱ्यानं फिरणाऱ्या नाविकांच्या ओळखीची ही वाट आहे आणि तिचे टप्पे ठरलेले आहेत.

इंदूरमध्ये शिडाच्या होडीचं नाव काढलं की हमखास प्रश्न येतो: शिडं आहेत ना, मग इंजिन कशाला? प्रश्न अगदी योग्य आहे. खोल समुद्रात शिडांवर जग पालथं घालता येतं. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’वर. त्याच होडीवर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. भोवताली शेकडो मैल मोकळं पाणी असलं की इंजिन रुसलं तरी विचार करायला वेळ असतो. खरा धोका जमीन दिसायला लागली की सुरू होतो. किनारा, खडक, वाळूचे दांडे, मासेमारीची जाळी, येणारी-जाणारी बार्ज, आणि आत शिरायला अरुंद वाट. तिथे शिडाच्या होडीलाही इंजिन लागतंच, आणि नेमकं तिथेच ते दगा देतं. त्याला कारण आहे.

आदल्या संध्याकाळी. होडी बंदरात महिनाभर उभी होती. टाकी अर्धी. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, आणि टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा थेंब धरते. थोडं पाणी डेकवरच्या झाकणातून आलेलं असतं, त्याच्या रबरी कडीला कुणी वर्षभर हात लावलेला नसतो. जवळच्या धक्क्यावर ड्रममधून डिझेल घेतलं जातं, गाळणी न लावता. सारं तळाशी जाऊन बसतं. टाकीची भरलेली खूण दिसते आणि सगळे निश्चिंत झोपतात.

सकाळी ७ वाजता. जमिनीकडून मतलई वारा, समुद्र तळ्यासारखा शांत. इंजिन सुरू केलं, एका दमात लागलं, बंदराबाहेर पडले. होडी हिंदकळत नसल्यामुळे तळाचा गाळ जागीच आहे. शिडं चढवून इंजिन बंद केलं जातं. इथवर सगळं सुखाचं असतं.

दुपारी ३ वाजता. वायव्येचा वारा भरला आहे. होडी उसळू लागते आणि तिच्याबरोबर टाकीतलं डिझेलही. महिनाभर तळाशी स्वस्थ पडलेलं पाणी, गंज, चिकटा सगळं ढवळून वर येतं. शिडांवर चाललेल्या होडीत हे कुणाला ऐकूही येत नाही.

५ वाजून १० मिनिटं. समोर खाडीचं तोंड, समजा दाभोळचं, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथलं. दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड दिसतो आहे. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर वाहतं आहे, वारा आत ढकलतो आहे. वारा आणि प्रवाह असे समोरासमोर आले की वाळूच्या दांड्यावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अरुंद वाटेत सोपं जावं म्हणून इंजिन सुरू केलं जातं आणि शिडं उतरवून बांधूनही टाकली जातात.

५ वाजून १८ मिनिटं. इंजिनाचा सूर बदलतो. फेरे कमी होतात, पुन्हा चढतात, पुन्हा पडतात. कान असलेला नाविक इथेच सावध होतो. फिल्टर तुंबत आलेला असतो, इंजिन इंधनासाठी धापा टाकत असतं. या क्षणी फेरे वाढवायचा मोह होतो. उलट करायचं असतं: फेरे कमी करायचे आणि होडीचं नाक ताबडतोब मोकळ्या पाण्याकडे वळवायचं, इंजिनात जीव आहे तोवर.

५ वाजून २१ मिनिटं. इंजिन गप्प.

आता पंधरा-वीस मिनिटं आहेत, आणि जाणत्याचा नि नवख्याचा फरक पहिल्या दोन मिनिटांत दिसतो. नवखा थेट इंजिनाचं झाकण उघडतो. जाणता आधी होडी वाचवतो. पुढचं शीड उघडलं आणि होडीला चाल आली, तर सुकाणू पुन्हा ऐकायला लागतं. शीड शक्य नसेल आणि पाणी उथळ असेल तर नांगर. साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडायची, नाहीतर नांगर तळावरून नुसता घासत येतो. होडी नांगरावर थांबली, मगच इंजिनाकडे जायचं. रेडिओच्या चॅनेल १६ वर आपली जागा सांगून ठेवायची ती याच वेळी. आपत्ती येऊन गेल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

इंजिनाचं काम किचकट असलं तरी अवघड नाही. टाकीचा कॉक बंद. पहिल्या फिल्टरच्या बुडातलं पाणी भांड्यात काढायचं, स्वच्छ डिझेल दिसेपर्यंत. फिल्टर बदलायचा. तो बदलताना नळीत हवा शिरतेच, आणि डिझेल इंजिनाला पाण्याइतकंच हवेचंही वावडं. मिस्त्री म्हणतात, ‘एअर धरली.’ मग दुसऱ्या फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंपाची दांडी मारत राहायचं. आधी नुसते बुडबुडे, मग फेस, मग अखंड धार. धार लागली की मारता मारताच स्क्रू आवळायचा. शांत बंदरात सराव असलेल्या माणसाला याला पाव तास लागतो. हिंदकळत्या होडीत, डिझेलच्या वासानं पोटात ढवळत असताना, ओल्या हातातून पाना निसटत असताना, पहिल्यांदाच करणाऱ्याला तासही पुरत नाही. म्हणून हे काम बंदरात उभं असताना एकदा तरी स्वतःच्या हातानं करून ठेवलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. जादा फिल्टर कपाटात आहे, पण तो उघडायचा पाना कुठला ते कुणालाच ठाऊक नाही, अशा होड्या कमी नाहीत.

यातली बहुतेक पीडा आदल्या संध्याकाळीच टळू शकली असती. टाकी भरून ठेवणं, म्हणजे थेंब धरायला रिकामी जागा उरत नाही. तळाचं अर्धा लिटर काढून काचेच्या बरणीत पाहणं. दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवून मध्ये कॉक ठेवणं, म्हणजे एक तुंबला की कॉक फिरवला, इंजिन बंद न पडता काम चालू. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: खाडीत शिरून नांगर पडेपर्यंत शिडं न बांधणं.

बाल्टिमोर, मार्च २०२४

चार मिनिटांच्या या घटनाक्रमातलं जहाज होडी नव्हे. ‘डाली’, लांबी ३०० मीटर, सिंगापूरचा ध्वज, निघालं होतं कोलंबोकडे. पण त्यावरचे खलाशी जवळपास सगळे भारतीय, आणि जहाज मेलं ते किनाऱ्यापाशीच, अरुंद वाटेत. इंधनाचा त्यात मोठा हात होता.

२५ मार्च, निघण्याच्या सुमारे दहा तास आधी. जहाज धक्क्याला लागलेलं असताना दोनदा वीज गेली. पहिल्या वेळी दुरुस्तीचं काम चालू असताना चालत्या जनरेटरच्या धुराची वाट चुकून बंद झाली होती. दुसऱ्या वेळी जनरेटरला इंधनाचा दाब पुरेसा मिळाला नाही. वीज परत आली आणि प्रवासाची तयारी चालू राहिली.

इंधनाच्या दाबाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जनरेटरला डिझेल पोचवण्यासाठी जहाजावर मुख्य पंप असतात. एक बंद पडला तर दुसरा आपोआप सुरू होतो आणि वीज जाऊन परत आली तर तेही आपसूक चालू होतात. ‘डाली’वर दोन जनरेटरांना इंधन पुरवण्यासाठी त्यांच्याऐवजी फ्लशिंग पंप वापरात होता, म्हणजे नळ्या धुण्यासाठी बसवलेला पंप. तो स्वतःहून पुन्हा सुरू होत नाही. कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. काम चालतं आहे ना, मग चालू दे.

२६ मार्च, रात्री १२ वाजून ३९ मिनिटं. जहाज धक्क्यावरून सुटलं. दोन पायलट जहाजावर. टगबोटींनी ओढून वाटेला लावलं आणि त्या परतल्या.

१ वाजून ७ मिनिटं. फोर्ट मॅकहेन्रीच्या वाटेत प्रवेश. पुढे फ्रान्सिस स्कॉट की पूल, १९७७ साली खुला झालेला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे कामगार होते. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर इथून पोटासाठी आलेली माणसं.

१ वाजून २५ मिनिटं. पूल जेमतेम तीन जहाजलांब्यांवर असताना दिवे गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं पुढे शोधून काढलं की एका तारेवर नावाची पट्टी चुकीच्या जागी बसवल्यामुळे ती तार खाचेत पुरती बसलीच नव्हती. ती सैल झाली, ब्रेकर उघडले, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे पंप थांबले आणि मुख्य इंजिन आपोआप बंद झालं. सुकाणूही गेलं. खलाशांनी मिनिटभराच्या आत ब्रेकर हातानं बसवले, वीज आणली. एवढं चोख काम त्या अंधारात त्यांनी केलं, हे सांगितलंच पाहिजे.

१ वाजून २६ मिनिटं. पण फ्लशिंग पंप पहिल्या झटक्यात थांबला होता तो थांबलेलाच राहिला. त्याचं बटण दाबायला माणूस पोचण्याआधीच जनरेटरांचा इंधनदाब घसरत गेला. पायलटनं टगबोटींना हाक दिली.

१ वाजून २७ मिनिटं. पूल हाकेच्या अंतरावर असताना दुसऱ्यांदा अंधार झाला. डावा नांगर सोडण्याचा हुकूम. रेडिओवर कळवलं गेलं की जहाजाची वीज पूर्ण गेली आहे आणि ते पुलाकडे येत आहे. तो निरोप किनाऱ्यावरच्या पोलिसांपर्यंत पोचला. पुलाच्या दोन्ही टोकांना त्यांनी वाहनं अडवली. वीज पुन्हा आली, पण मुख्य इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारा वेळ आता कुणाकडे नव्हता.

१ वाजून २९ मिनिटं. जहाज खांबावर आदळलं. काही सेकंदांत पूल पाण्यात गेला.

पुलावर आठ जण होते. एक जण पळून सुटला, एकाला जखमी अवस्थेत वाचवलं, सहा जण मेले. वाहनं अडवणाऱ्या पोलिसांमुळे किती जीव वाचले याची मोजदाद होऊ शकत नाही. पण त्या रात्रीच्या चार मिनिटांतलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे पायलटची ती एक हाक, हे माझं मत आहे. पुलावर थांबलेल्या कामगारांपर्यंत तीच सूचना वेळेत पोचवणारं कुणी नव्हतं, हे मात्र सलत राहतं.

रतलामच्या पंपावरची तपासणी पाच मिनिटांची होती, तेवढा वेळ कुणीही काढू शकलं असतं. बाल्टिमोरला नेहमीच्या पंपाकडे परतायला दहा तास होते. होडीवर अख्खी संध्याकाळ असते. इंजिन गप्प झाल्यावर उरणारा वेळ आपण ठरवत नाही. तो रस्ता, वारा, ओहोटी आणि समोरचा पूल ठरवतात. आधीचा वेळ तेवढा आपला.

दिवाळीनंतर इंदूरची शेकडो कुटुंबं अलिबाग, मालवण, गोव्याकडे निघतील आणि त्यांतले पुष्कळ जण होडीत बसतील. लाइफ जॅकेट मागतो तसंच नाखव्याला एवढं विचारा: टाकीच्या तळाचं डिझेल शेवटचं कधी काढून पाहिलं, जादा फिल्टर आणि त्याचा पाना होडीवर आहे का, आणि नांगर सोडायला किती वेळ लागतो. जाणता नाखवा या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट झाकण उघडून दाखवेल. उत्तर टाळणारा भेटला तर भाडं परत मागा आणि दुसरी होडी बघा. आणि पहिल्या पावसानंतर पंपावर गाडी लावाल तेव्हा आज टाकीत पाणी तपासलं का, हेही विचारा. घनता मोजून दाखवा म्हणण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे, त्यासाठी मुख्यमंत्र्यांचा ताफा लागत नाही.